तीन नंबरच्या प्रेसचे आकडे

विजयश्री लहानपणापासूनच भित्री. रहाटणीत तिच्या माहेरच्या शेतात एक विहीर होती. तिच्या कठड्यापासून ती दहा पावलं लांबून जायची. वडील कोंडाजी आल्यागेल्याला सांगायचे, "आमची विजू सावलीवर बी पाय टाकायच्या आधी इचारती." सगळे हसत, तीही हसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पावलं लांबून जाई. पुढे त्या शेतावर सात मजली इमारती झाल्या, विहीर मुरूम टाकून बुजवली गेली, विजयश्री लग्न होऊन मोशीला गेली, चाळिशीला टेकली. भीती मात्र होती तशीच राहिली. घराबाहेर पडताना गॅसचं बटण ती तीनदा बघायची. नवरा जयदीप भोसरीतल्या दुकानातून यायला वीस मिनिटं उशीर झाला, की नाशिक रस्त्यावरचे सगळे ट्रक तिच्या डोळ्यांसमोरून जायचे.

तिला भीती वाटत नसे ती फक्त गणिताची. गणित घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं शिकवण्या केल्या. पिंपळे सौदागरला एक कोरियन कुटुंब राहायचं, चाकणच्या कुठल्याशा कंपनीसाठी आलेलं. त्यांची मुलगी आंतरराष्ट्रीय शाळेत होती आणि त्या शाळेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागायचा. जाड, काळा, मोबाइलपेक्षा मोठा. आकड्यांच्या दोन याद्या भरायच्या, बटण दाबायचं, की पडद्यावर ठिपके उमटतात. दुसरं बटण दाबलं की त्या ठिपक्यांमधून सगळ्यांत जवळून जाणारी रेघ तो स्वतः शोधून काढतो, आणि तिचं सूत्रही देतो. विजयश्री त्या मुलीच्या पुस्तकातूनच ते सगळं शिकली आणि मग तिनं ते मुलीला शिकवलं. दोन वर्षांनी ते लोक मायदेशी परतले, तेव्हा मुलीच्या आईनं तो कॅल्क्युलेटर डब्यासकट विजयश्रीच्या हातात ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

नंतर शिकवण्या कमी झाल्या. ओळखीतून चाकणच्या पुढे एका प्रेस शॉपमध्ये काम मिळालं. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी कंपनी. सहा मोठे प्रेस, एकेक दुमजली घराएवढा. विजयश्रीचं काम कंपनं मोजायचं. दर सोमवारी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, चाकं नुसती फिरत असताना, शिडीनं प्रेसच्या माथ्यावर चढायचं, बेअरिंगच्या बाहेरच्या आवरणावर पेनसारखं यंत्र टेकवायचं आणि येईल तो आकडा तक्त्यात लिहायचा. साडेचारपर्यंत हिरवा. साडेचार ते सात पॉइंट एक पिवळा. त्याच्या वर लाल, म्हणजे यंत्र बंद. तक्त्याच्या खाली दोन चौकोन असायचे, 'चालू ठेवावा' आणि 'थांबवावा'. पहिल्या चौकोनात टिक करायची, सही करायची, झालं. तीन वर्षांत दुसऱ्या चौकोनात तिनं कधी पेन टेकवलं नव्हतं.

शिडीची तिला भीती वाटायची. माथ्यावर गेलं की समोरच प्रेसला जोर देणारं पाच टनांचं चाक, फ्लायव्हील, फिरत असायचं, जाळीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. त्याचा वारा तोंडावर लागायचा. ती श्वास रोखून पेन टेकवायची, आकडा पाठ करायची आणि खाली उतरल्यावरच श्वास सोडायची.

तीन नंबरच्या प्रेसचा आकडा जूनअखेरीस एक पॉइंट नऊ होता. मग दोन, दोन पॉइंट तीन, दोन पॉइंट पाच. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, सगळे हिरवेच. पण ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी तीन पॉइंट आठ आला आणि शिडी उतरताना तिला वाटलं, ही वाढ आपण कुठंतरी पाहिली आहे. शिकवणीच्या वहीत पाहिली आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं कपाटातून कॅल्क्युलेटर काढला. जयदीप समोर बसून लसूण सोलत होता. तिनं पहिल्या यादीत आठवडे भरले, एक ते आठ. दुसऱ्या यादीत आकडे. पडद्यावर आठ ठिपके आले, डावीकडून उजवीकडे चढत गेलेले. आधी तिनं सरळ रेघ बसवून पाहिली. बरी बसली. पण पहिले ठिपके रेघेच्या वर होते, मधले खाली, शेवटचे पुन्हा वर. रेघ ठिपक्यांच्या मधून गेली होती, ठिपके काही रेघेचे नव्हते. मग तिनं घातांकी वक्राचं बटण दाबलं. क्षणभर थांबून कॅल्क्युलेटरनं सूत्र दिलं. दर आठवड्याला एक पॉइंट एक शून्य सात पट. आणि वक्र ठिपक्यांवरून असा गेला, जणू त्यांच्यासाठीच काढला असावा.

जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. इथं प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशी उंच होत होती. जेवढं बिघडलेलं, त्याच्या प्रमाणात पुढचं बिघडणार. सुरुवातीला फरक कळत नाही, आणि कळायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिनं पुढचे आठवडे घालून पाहिले. चौदावा आठवडा ओलांडता ओलांडता सात पॉइंट एक. म्हणजे आजपासून सहा आठवडे. दिवाळीच्या बंदपर्यंत तर साडेदहा.

तिनं दोन्ही याद्या पुसल्या आणि पहिल्यापासून पुन्हा भरल्या.

"काय झालं?" जयदीपनं विचारलं.

"काही नाही. आकडे बघतेय."

"कंपनीचे आकडे घरी कशाला?"

भाजी लागल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती मेंटेनन्सच्या प्रमुखांकडे गेली. शेखर सर, पन्नाशीच्या आतले, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. त्यांच्या टेबलावरचे तीन फोन एकामागून एक वाजत असायचे. तिनं तक्ता पुढे केला. आणि भराभर सगळं सांगून टाकलं.

शेखर सरांनी फूटपट्टी घेतली, आठही आकड्यांच्या मधून एक सरळ रेघ ओढली आणि ती दिवाळीपर्यंत नेली. "हे बघा मॅडम. शटडाउनला साडेसहा. पिवळा. लालच्या खाली. तेव्हा बेअरिंग बदलायचं ठरलेलंच आहे."

"सर, ती वाढ सरळ नाहीये. ती वाकते. वरच्या बाजूला."

"तुमच्या कॅल्क्युलेटरनं सांगितलं?"

"हो."

"तीन नंबर दोन दिवस बंद ठेवला तर पुढच्या कंपनीची असेंब्ली लाइन थांबते. तिथून मला फोन येतो. मी काय सांगू, आकडा हिरवा आहे पण आमच्या मॅडमना वक्र दिसतोय?" ते चिडून बोलत नव्हते, थकून बोलत होते. "इथं शिकवणी चालत नाही हो."

विजयश्री जायला वळली, पण दारातून परत आली. तक्त्याच्या मागच्या बाजूला तिनं दोन आकडे लिहिले. पुढच्या सोमवारी चार पॉइंट दोन, त्याच्या पुढच्या सोमवारी चार पॉइंट सहा. "एवढं आलं तर परत येऊ का, सर?"

त्यांनी कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. आपलं चुकावं, अशी ती देवाजवळ प्रार्थना करत होती. गणितात चुकावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. सोमवारी ती शिडी चढली. पेन टेकवलं. चार पॉइंट दोन. तिनं पुन्हा टेकवलं. चार पॉइंट दोन.

खाली रंगराव उभे होते. प्रेसचे सगळ्यांत जुने फिटर, मूळचे चिखलीचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. ते प्रेसच्या खांबाला तळहात लावून उभे राहायचे आणि हातानंच यंत्राची तब्येत ओळखायचे.

"काका, हे बेअरिंग गेलं तर काय होतं?" तिनं विचारलं.

रंगरावांनी खांबावरचा हात काढला. "चांगलं गेलं तर जाम व्हतं. धूर येतो, वास येतो, आपण बंद करतो."

"आणि वाईट गेलं तर?"

"भोसरीत पाह्यलंय म्या एकदा. आता ती कंपनी न्हाई. बेअरिंग फुटलं, चाक कलंडलं, जाळी फाडून आतले लोखंडी रोळे भाईर आले. बंदुकीच्या गोळीवानी. खाली एक माणूस हुता." त्यांनी प्रेसच्या माथ्याकडे पाहिलं. "पंचवीस वर्सं झाली असतील. ताई, तुमी इचारलं म्हणून सांगितलं."

तीन नंबरच्या खाली, कन्व्हेयरच्या डाव्या अंगाला, पहिल्या शिफ्टला दुर्गाबाई उभी असायची. हिंगोलीकडची, पन्नाशीची, कंत्राटावर. दाबून आलेले भाग उचलून ट्रॉलीत लावायचं तिचं काम. मोशीच्या थांब्यावरून कंपनीच्या बसमध्ये ती विजयश्रीच्या शेजारी बसायची आणि बस हलली की तिसऱ्या मिनिटाला झोपायची. त्या आठवड्यात विजयश्रीनं तिला झोपू दिलं नाही.

"दुर्गाबाई, तुम्ही उजव्या बाजूला नाही का उभ्या राहू शकत?"

"का बरं?"

"असंच. डावीकडे वर ते मोठं चाक आहे ना."

"चाक तर लई दिसापासून हाय की, ताई."

"त्याचं बेअरिंग खराब होतंय. मला तसं वाटतंय. सरांना सांगितलंय मी."

दुर्गाबाईनं पदर सावरला, खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर चाकणच्या चौकात कंटेनरची रांग लागली होती. "मी हटले तर सुपरवायझर दुसरीला उभं करंल तिथं," ती म्हणाली. "ती सुमन नाही का, तिचं लेकरू दोन वर्साचं हाय. मग मीच बरी." आणि थोड्या वेळानं, "तुमी सांगितलंय न सरायला? मंग ते बघतीलच." ती डोळे मिटून झोपली.

विजयश्री पुढचा सगळा रस्ता तिच्या हातांकडे बघत बसली. आपण सांगायला नको होतं, असं तिला वाटलं. सांगून आपण फक्त आपल्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर दिलं. आणि तिनं ते घेतलं आणि झोपली.

पुढच्या सोमवारी आकडा चार पॉइंट सहा यायला हवा होता. आला चार.

तिनं तीनदा मोजलं. चार. आधीच्यापेक्षाही कमी. तक्ता घेऊन ती ऑफिसात गेली, तेव्हा शेखर सरांनी खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला, चार पॉइंट सहावर बोट ठेवलं आणि काहीच न बोलता तिच्याकडे पाहिलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"सॉरी, सर," ती म्हणाली.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना. घरी येऊन तिनं तो आकडाही यादीत घातला. वक्र जरासा खाली झुकला, लाल रेषेची तारीख एक आठवडा पुढे गेली, बस एवढंच. तो एक ठिपका बाकीच्या नऊ ठिपक्यांपासून खाली तुटून पडला होता. तो काढून टाकावा असं तिच्या मनात आलं. पण शिकवणीत ती स्वतःच सांगायची, आवडत नाही म्हणून ठिपका काढायचा नसतो, कारण लागतं. तिच्याजवळ कारण नव्हतं. मग कदाचित आपणच चुकलो असू. कदाचित ही आपली जुनीच भीती असेल, विहिरीपासून दहा पावलं लांबून जाणारी, आता फक्त आकड्यांचे कपडे घालून आलेली.

कारण तिला बुधवारी कळलं. चहाच्या वेळी रंगराव शेजारी येऊन बसले आणि कपाकडे बघत म्हणाले, "ताई, रविवारी मला बलावलं हुतं. तीन नंबरच्या बेअरिंगात नवं ग्रीस भरलं. पार ठासून."

"कोणी सांगितलं?"

"सरांनी. म्हणले, कुणाला बोलू नका."

तिनं कप खाली ठेवला. ग्रीसनं आवाज दबतो, कंपन दबतं. तापाच्या माणसाला गोळी द्यावी आणि थर्मामीटर खाली यावा, तसं. दुखणं आत तिथंच. आता आकडा खरा किती आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हे त्याच्याहून भयंकर होतं. निदान आधी तिला दिसत तरी होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ग्रीसचा उतार संपला. आकडा पाच पॉइंट तीन. पिवळ्यात, तिच्या वक्राच्याही वर. तक्ता बघून शेखर सर म्हणाले, "पिवळ्यात चालवता येतं. नियम आहे." त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. तिनंही पहिल्या चौकोनात टिक केली आणि सही केली. सही करताना पेन कागदात रुतलं.

त्या दिवसापासून ती कुणी न सांगता रोज शिडी चढू लागली. मंगळवारी पाच पॉइंट पाच. बुधवारी पाच पॉइंट सात. गुरुवारी पाच पॉइंट नऊ. कारखान्याच्या दाराशी गणपती बसला होता, सकाळी आरतीला सगळे टाळ्या वाजवत उभे राहायचे, आणि टाळ्यांच्या वरून तिला तीन नंबरचा घरघराट ऐकू यायचा. इतरांना येतो की नाही, ते तिला कळेना.

गुरुवारी संध्याकाळी तिनं चारच आकडे कॅल्क्युलेटरमध्ये घातले, आठवड्यांऐवजी दिवसांनी. आधी जेवढी वाढ सात दिवसांत व्हायची तेवढी आता तीन दिवसांत होत होती. उद्या सकाळसाठी वक्र सहा पॉइंट एक सांगत होता. सात पॉइंट एकसाठी पुढचा मंगळवार.

तिनं जयदीपला सगळं सांगितलं. ग्रीस, दुर्गाबाई, भोसरीचा माणूस. तो शांत स्वभावाचा माणूस, पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा आवळला.

"तू मोजणारी आहेस, विजू. चालवणारी नाहीस. आकडा लिही, सही कर, बाजूला हो. उद्या काही झालं तर तुझा तक्ता बरोबर असेल."

"तक्ता बरोबर असेल," ती म्हणाली.

"तू टिक बदललीस आणि बेअरिंग ठणठणीत निघालं, तर तुला कोण उभं करणार तिथं?"

"कोणी नाही."

तिनं ताटं घेतली. भात कोणीच नीट खाल्ला नाही. सकाळी ती बसच्या थांब्याकडे निघाली, तर जयदीप खाली मोटरसायकल काढून उभा होता. "मागे बस," तो म्हणाला. "आज मी सोडतो." रस्ताभर तिनं त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला. कंपनीच्या फाटकापाशी तो फक्त म्हणाला, "सांभाळून चढ," आणि ती आत जाईपर्यंत थांबून राहिला.

शुक्रवारी सहा पॉइंट एक.

वक्रानं सांगितलेला, दशांशासकट. जाळीपलीकडे चाक फिरत होतं, आणि खाली, डाव्या अंगाला, दुर्गाबाई हातमोजे घालत होती. वरून तिच्या डोक्यावरचा निळा रुमाल तेवढा दिसत होता. शिफ्ट सुरू व्हायला सात मिनिटं होती.

विजयश्री खाली उतरली. खाली आल्यावरही श्वास सुटला नाही. तिनं तक्ता पत्र्याच्या टेबलावर ठेवला, आकडा लिहिला, आणि दुसऱ्या चौकोनात टिक केली. टिक इतकी बारीक आली की दिसेना, म्हणून तिच्यावरून पुन्हा पेन फिरवलं. मग सही. नेहमीपेक्षा वेगळी, लहान मुलासारखी. मग तिनं त्याची एक प्रत सुरक्षा विभागाच्या पेटीत टाकली, कारण 'थांबवावा'वर टिक असलेला तक्ता तिथंही जावा असा नियम होता. इतकी वर्षं तो नियम कुणाला लागला नव्हता.

त्यानंतर ती सरळ प्रेसच्या पॅनेलपाशी जाऊन उभी राहिली. ऑपरेटर आला तेव्हा म्हणाली, "तीन नंबर सुरू करू नका. चाकही थांबवा. तक्त्यावर 'थांबवावा' आहे." आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

शेखर सर आठ मिनिटांत आले. पळत आले असावेत, दम लागला होता. त्यांनी तक्ता वाचला. आसपास दहाबारा जण जमले होते. ते सगळ्यांसमोर ओरडतील, आपल्याला आत्ताच्या आत्ता फाटकाबाहेर काढतील, अशी तिची खात्री होती. तिनं पॅनेलचा कोपरा धरला.

शेखर सरांनी तक्ता पॅनेलवर ठेवला. मग ते रंगरावांकडे वळून म्हणाले, "उघडा."

"नवीन बेअरिंग, सर?" रंगरावांनी विचारलं.

"स्टोअरमध्ये आहे."

"कधी आलं?"

शेखर सर घाम पुसत म्हणाले, "दहा दिवस झाले."

लोक पांगले. विजयश्री पॅनेलपाशीच उभी होती. शेखर सर तिच्याजवळ आले, खाली बघत हळू आवाजात बोलले. "तुमचा पहिला आकडा बरोबर आला, चार पॉइंट दोन, त्याच दिवशी मागवलं होतं मी. पण लाइन थांबवायला कागद लागतो, मॅडम. माझ्या शब्दावर नाही थांबत. मला कुणाची तरी सही हवी होती."

"ती तुम्ही मागितली असतीत तर दिली असती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्ही ग्रीस भरलंत."

"वेळ काढत होतो." त्यांचे ओठ सुकले होते. आणि तेव्हा विजयश्रीच्या लक्षात आलं की हा माणूस तिच्याइतकाच घाबरलेला आहे, कित्येक दिवसांपासून. त्यानं तिला बरं वाटलं नाही. बेअरिंग स्टोअरमध्ये येऊन पडलं होतं, दोन माणसांना धोका माहीत होता, दोघंही भीत होती, आणि तेवढे दिवस दुर्गाबाई त्या चाकाखाली उभी होती. त्यात एक टिक तिची स्वतःचीही होती, सोमवारची.

शनिवारी दुपारी रंगरावांनी तिला बोलावलं. जुनं बेअरिंग पोत्यावर काढून ठेवलं होतं. बाहेरच्या कड्याचा तळहाताएवढा भाग सोलून निघाल्यासारखा खरबरीत झाला होता. रोळ्यांना धरून ठेवणारी पितळी जाळी दोन ठिकाणी तडकली होती, आणि एका तड्यात नख जात होतं.

"किती दिवस टिकलं असतं, काका?"

रंगरावांनी त्या तड्यावरून अंगठा फिरवला. "दोन तास. न्हाईतर दोन आठवडं. ह्ये कुणी सांगू शकत न्हाई, ताई."

तिला ठाम उत्तर हवं होतं. मंगळवारी फुटलंच असतं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. वरिष्ठांच्या बैठकीत तर एकानं विचारलं म्हणे, की पिवळ्यात असताना प्रेस बंद करायची एवढी घाई का केली. शेखर सरांनी तक्ता दाखवला. विजयश्रीला लेखी खुलासा द्यावा लागला, तो तिनं दीड पानात दिला, सोबत आकडे आणि वक्राचं सूत्र. त्याचं पुढे काय झालं ते तिला कळवलं गेलं नाही. तिला काढलंही नाही, शाबासकीही दिली नाही. महिन्याभरानं एवढंच झालं की सहाही प्रेसची मोजणी आठवड्यातून दोनदा करायचा आदेश निघाला, आणि तक्त्याच्या मागे आलेख जोडावा, असं शेखर सरांनी तोंडी सांगितलं.

तिची भीती काही गेली नाही. आता उलट सहाही प्रेसची भीती लागली. दोन पॉइंट एकचा दोन पॉइंट तीन झाला तरी छातीत धस्स होतं, आणि पुढच्या मोजणीपर्यंत ते तसंच राहतं. शिडीचीही भीती अजून वाटते. चढते मात्र ती न चुकता.

हे सगळं व्हायच्या आधी, तीन नंबर पुन्हा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, बसमध्ये दुर्गाबाई शेजारी येऊन बसली. डबा मांडीवर ठेवला, पदर खोचला.

"ताई, आता काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"एक पॉइंट चार."

"म्हंजे बरं का वाईट?"

"बरं."

दुर्गाबाईनं मान हलवली. "सरायनं ऐकलं म्हणायचं तुमचं." विजयश्रीनं तिला ग्रीसचं सांगितलं नाही, स्टोअरमध्ये पडलेल्या बेअरिंगचंही नाही, आणि सोमवारच्या त्या टिकचंही नाही. तोंडापर्यंत आलं होतं. बस हलली. दुर्गाबाईचं डोकं हळूहळू तिच्या खांद्यावर कलंडलं, आणि विजयश्री चाकण येईपर्यंत हलली नाही.